'काही नाही' म्हणायची सवय

पुरुषांना शहाणपण शिकवणाऱ्या पोस्टी दिवसभर फिरत असतात. पहाटे उठा, थंड पाण्याने अंघोळ करा, भावना आवरा, सिंहासारखे जगा. (सिंह दिवसातला बहुतेक वेळ झोपलेला असतो, ते सोडा.) माझं मत जरा वेगळं आहे. बहुतेक पुरुषांकडे सोसायची ताकद गरजेपेक्षा जास्तच असते. कमी पडतं ते वेळेवर तोंड उघडणं. "काय झालं?" या प्रश्नाला "काही नाही" हे उत्तर इतकं सवयीचं होतं की खरंच काही झालेलं असतं तेव्हाही तेच निघतं. आणि सांगणं हा काही स्वभाव नव्हे. पोहण्यासारखं ते शिकता येतं.

सुरुवात शरीरापासून, कारण तिथे उशीर तासांत मोजता येतो. अंडकोषात अचानक जोराची कळ आली, सोबत मळमळ असली, तर अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो. रक्तपुरवठा तुटतो. साधारण ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर अंडकोष वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरते. हे जास्त करून वयात येणाऱ्या मुलांना होतं, आणि नेमका तोच मुलगा लाजून "पोटात दुखतंय" म्हणतो, किंवा सकाळपर्यंत पडून राहतो. त्यामुळे बापाने हे आधीच सांगून ठेवायचं असतं: "तिथे दुखलं तर रात्री दोन वाजताही मला उठव. मी हसणार नाही, चिडणार नाही."

मोठ्यांची अडचण वेगळी. लिंगातल्या धमन्या साधारण १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३ ते ४. रक्तवाहिन्यांचं अस्तर सगळीकडे बिघडत असतं, पण बारीक नळी आधी बोलते. म्हणून चाळिशी-पन्नाशीत ताठरता हळूहळू कमी होत गेली, सकाळी आपोआप येणारीही, तर ती पुढच्या काही वर्षांतल्या हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते. दर वेळी तसंच असतं असं नाही. अचानक सुरू झालं आणि सकाळी सगळं ठीक असेल, तर कारण बहुधा ताणात सापडतं. मधुमेह किंवा चालू असलेली औषधंही कारण असतात. पण हे शोधायचं सोडून माणूस गुपचूप गोळी आणतो. गोळी घेतली की तक्रार झाकली जाते, नळी तशीच राहते. वर आणखी एक धोका: सिल्डेनाफिलसारखी ताठरतेची गोळी घेतलेल्या माणसाला छातीदुखीवरचं नायट्रेट दिलं, तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. तेव्हा छातीत दुखून रुग्णालयात पोचलात, तर कोणती गोळी, किती वाजता, हे सांगायचंच. बायकोसमोर बोलवत नसेल तर "मला डॉक्टरांशी एकट्याने बोलायचंय" एवढं म्हणा, ते समजून घेतात.

डॉक्टरांकडे पुरुष एक ठरावीक चूक करतात. आधी सर्दी, मग गुडघा, आणि खरी गोष्ट दाराच्या कडीला हात लावताना. तोवर डॉक्टरांचं लक्ष पुढच्या रुग्णाकडे गेलेलं असतं. उपाय साधा आहे. कागदावर चार ओळी लिहा: काय होतंय, कधीपासून, कशाने वाढतं, कोणती औषधं आणि व्यसनं. लाजेची ओळ सगळ्यात वर. बोलता येत नसेल तर कागद नुसता पुढे सरकवा. दारूचं मात्र आकड्यात लिहा, "कधीतरी" हे माप नव्हे. लघवीतून एकदाच रक्त गेलं, दुखलं नाही, परत झालं नाही, तरी ते या कागदावर आलंच पाहिजे.

घरी रक्तदाब मोजणारे बरेच लोक चुकीचा मोजतात. अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकवून, पाय जमिनीला, मांडीवर मांडी नाही, असे ५ मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, दंड हृदयाच्या पातळीवर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, आवडलेला एकच नव्हे. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा उगाच वाढतो. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर राहत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे.

मनाचं कठीण, कारण पुरुषाचं नैराश्य रडत येईलच असं नाही. चिडचिड, जास्तीचं काम, जास्तीची दारू, तुटलेली झोप या वेशात ते येतं आणि घरचे त्याला तापट समजून बसतात. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं तर मदत घ्यायची वेळ झाली. मित्राला विचारायचं असेल तर समोर बसवून "कसा आहेस?" विचारू नका, "मस्त" हेच उत्तर येतं. बरोबर चालताना विचारा, नजर चुकवायची सोय राहते. प्रश्न छोटा ठेवा: झोप लागते का? जीव द्यायचे विचार येतात का, हेही सरळ शब्दांत विचारावं. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उत्तर "हो" आलं तर उपदेश नको. एकटं सोडू नका, धोक्याच्या वस्तू दूर करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

माफीबद्दल दोनच ओळी. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नव्हे, समोरच्यावर ढकललेलं बिल आहे. काय केलं ते नाव घेऊन सांगा, "पण" यायच्या आत थांबा.

उरला पैसा. कर्ज लपवणाऱ्याला वाटतं, फेडून झालं की सांगू. मध्ये व्याज चढतं, एक फेडायला दुसरं निघतं, आणि घरी कळतं ते वसुलीच्या फोनवरून. तेव्हा पैशापेक्षा लपवल्याचा राग मोठा असतो. सांगायचं तर पूर्ण आकडा एकाच बैठकीत सांगा. आज थोडा, पुढच्या महिन्यात उरलेला, असं केलंत तर तिसऱ्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मग एक पान करा: खाती, कर्जं, हप्त्यांच्या तारखा, विमा, कोणाला जामीन आहात ते, आणि प्रत्येक ठिकाणी नॉमिनी म्हणून कोणाचं नाव लागलंय. पहिल्या नोकरीत भरलेलं नाव पुष्कळदा तसंच राहिलेलं असतं, कधी ती व्यक्तीही हयात नसते. पासवर्ड त्या पानावर नको, ते वेगळे ठेवा. पान कुठे आहे हे बायकोला सांगा, आणि तिच्याखेरीज आणखी एकाला, कारण प्रवासात तुम्ही दोघं एकाच गाडीत असता.