“गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही” म्हणे!

मेडिकलची कॉलेजं सुरू झाली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: मेडिकलच्या पोरांना हल्ली डिप्रेशनचं खूळ लागलंय, पूर्वीच्या डॉक्टरांना असलं काही होत नव्हतं. मानसोपचाराची गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर सुटत नाही. कागदावर नोंद झाली की डॉक्टरकी संपली. शेवटी शॉक देऊन माणसाला भोळसट करून सोडतात. तेव्हा पोराला घरी बोलवा, चार दिवस आईच्या हातचं खाऊ घाला, आपोआप ताळ्यावर येईल.

आईच्या हातच्या जेवणाला माझी हरकत नाही. बाकीचं बघू.

आधी ‘खूळ’. वैद्यकीय शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कृती गटाचा अहवाल २०२४ साली आला. त्यात एमबीबीएसच्या २५,५९० विद्यार्थ्यांची उत्तरं आहेत. त्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं, तर १६.२ टक्क्यांनी मागच्या बारा महिन्यांत आत्महत्येचा विचार मनात येऊन गेल्याचं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांत हा दुसरा आकडा ३१.२ टक्के. आता ही ऑनलाइन पाहणी होती. ज्याला त्रास आहे तोच फॉर्म भरायला बसतो, हे मान्य. म्हणून १६.२ चे निम्मे करा, तरी शंभरात आठ पोरं उरतात. त्याच अहवालात निवासी डॉक्टरांना, म्हणजे इस्पितळात काम करत पदव्युत्तर शिकणाऱ्यांना, आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये अशी शिफारस आहे. कमाल मर्यादा जर ७४, तर प्रत्यक्षात काय चालत असेल? आणि ‘पूर्वी नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी पूर्वी कोणी कोणाला विचारलं होतं, तेही सांगावं.

गोळ्यांचा मुद्दा जरा सावकाश घ्यायला हवा, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि तेच घातक ठरतं. नैराश्यावर सहसा फ्लुओक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम यांसारखी औषधं देतात. त्यांची तलफ येत नाही, की तोच परिणाम मिळावा म्हणून डोस वाढवत न्यावा लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मात्र मळमळ होते, अस्वस्थ वाटतं. नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, “बघ, गोळीनं वाढलंच,” आणि आठव्या दिवशी पाकीट कपाटात जातं. पंचविशीच्या आतल्या रुग्णावर सुरुवातीला जास्त लक्ष ठेवावं लागतं, हेही खरं; म्हणूनच डॉक्टर लवकर परत बोलावतात. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. एकदम बंद केलं तर चक्कर येते, डोक्यात झिणझिण्या येतात. तेवढ्यावरून लोक ‘सवय लागली’ म्हणून मोकळे होतात.

सवय लावणारी गोळी वेगळीच आहे, आणि तिच्याविरुद्ध या मजकुरात चकार शब्द नाही. खेड्यातून एखादी बाई येते. छातीत धडधडतंय, हातपाय गळून जातात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. दोन-तीन दवाखाने होतात, सगळीकडे एकच उत्तर: “काही नाही बाई, टेन्शन घेऊ नका,” आणि चिठ्ठीवर अल्प्राझोलाम, म्हणजे चिंता दाबणारी, झोप आणणारी गोळी. पंधरा दिवसांची गोळी ती दोन वर्षं खाते, कारण मेडिकलवाला जुनी चिठ्ठी बघून देत राहतो. खरं तर हे औषध शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे, दर वेळी दुकानदारानं वहीत नोंद करायची असते. हिला लागते ती सवय. आणि तिला ती गोळी लिहून देणारा बहुधा मानसोपचारतज्ज्ञ नसतो, आमच्यासारखा साधा डॉक्टर असतो. वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराला दोन आठवडे मिळतात, आणि एमबीबीएसला या विषयाचा स्वतंत्र पेपर नाही. मेडिसिनच्या पेपरात काही गुण, तेही ऑप्शनला टाकायचे. जो विषय सोडून पास होता येतं, त्याचे रुग्ण पुढं समोर बसल्यावर टेन्शन घेऊ नका म्हणण्यापलीकडे काय सुचणार?

शॉकबद्दल, म्हणजे मेंदूला विजेचा झटका देण्याच्या उपचाराबद्दल (ईसीटी), थोडक्यात. १९३८ साली इटलीत ही पद्धत सुरू झाली, तेव्हा भूल नव्हती. आज भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ती करायला मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ ने बंदी आहे. उपचारांच्या काळातलं काही विसरायला होतं, ते बहुतेक परत येतं. आणि होस्टेलवर रडत बसणाऱ्या फर्स्ट इयरच्या पोराला कोणी शॉक देत नाही. तो गंभीर आजारासाठी असतो.

नोंदीची भीती पोरांना सगळ्यात जास्त. २०१७ चा तोच कायदा कलम २३ मध्ये उपचारांची माहिती गुप्त ठेवायला सांगतो. पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असं कलम ३ म्हणतं. कायदा कागदावर आहे आणि कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये कुजबुज वेगळीच चालते, हे मी नाकारत नाही. आपल्याच विभागातल्या सरांकडे जायला पोरगं कचरत असेल, तर त्यानं दुसरीकडे जावं. बेळगाव शहरात जेएनएमसी हे मेडिकल कॉलेज आहे, बिम्स हे सरकारी कॉलेज आहे, खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत. आपल्याकडे चिडवताना ‘धारवाडला न्या याला’ म्हणतात, ते १८४५ पासूनच्या तिथल्या मनोरुग्णांच्या इस्पितळामुळं. तेच आता डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे आणि तिथं ओपीडीत दाखवून संध्याकाळी घरी परतता येतं.

राहिलं ‘घरी बोलवा’. जरूर बोलवा. पण पोरगं “जगून काय करायचं” म्हणत असेल तर त्याला एकटं सोडू नका, आणि जेवणानं बरं वाटेल म्हणून थांबू नका. काही करून बसलं तर पोलीस केसच्या धास्तीनं कॅज्युअल्टीत न्यायला उशीर करू नका. त्याच कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे अशा माणसाला तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं, त्याच्यावर खटला भरायचा नसतो. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि फुकट आहे. त्यावर कन्नडसारखी मराठीही निवडता येते.