सकाळी सहा की संध्याकाळी सहा?

दादाच्या रविवारच्या सायकल ग्रुपला सध्या एकच ध्यास लागलाय: इंदूरला सायकल पर्यटनाचं शहर म्हणून सरकारी मान्यता मिळावी. त्यावरून घरच्या व्हॉट्सॲपवर दोन तट पडलेत. बाबांचं म्हणणं, आधी शहरातल्या भर गर्दीतून, रामबागेतून राजवाड्यापर्यंत, सायकल नेऊन दाखवा. मी नेदरलँड्समध्ये हौटन या सायकलींच्या गावात राहते, म्हणून पंच मी!

दादाची बाजू लंगडी नाही. इंदूरबाहेर सिमरोलचा घाट, पाताळपाणीचा धबधबा, महूच्या पुढे अहिल्याबाईंच्या काळचा जाम दरवाजा. तिथे माळव्याचं पठार एकदम संपतं आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. हौटनकरांच्या लेखी चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. हा घाट पाहिला तर ते वेडे होतील.

शिवाय किताबांना हसणं मी सोडलंय. 2017 पासून इंदूर स्वच्छतेत सलग सात वेळा पहिलं आलं, ते रोज सकाळी गाणं वाजवत दारात येणाऱ्या कचरागाडीमुळे. ओला-सुका वेगळा केला नसेल तर आई अजून घाबरते.

हौटनलाही 2008 आणि 2018 मध्ये देशातलं 'सायकल शहर' हा मान मिळाला. 2018 ला तर निवडीची प्रश्नावली सायकल चालवणाऱ्यांकडूनच भरून घेतली होती. पण इथली खरी मेख जुनी आहे. एका वस्तीतून दुसरीत मोटार न्यायची तर गावाबाहेरच्या रस्त्याने वळसा घालावा लागतो. सायकल मात्र मधून सरळ शाळेच्या दारात. मोटारवाल्याची गैरसोय मुद्दाम केलेली आहे. हे मी दादाला लिहिलं, त्याने ग्रुपवर टाकलं, आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. (त्यातले काही जण सायकल कारला बांधून बायपासपर्यंत नेतात.)

इंदूरच्या ए.बी. रोडवरची बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, 2013 ला आली, 2025 मध्ये न्यायालयाने ती काढायचा आदेश दिला. मोकळी होणारी जागा कुणाची, यावर आमच्या घरात झालेला वाद बस की कार एवढाच होता. सायकलवरून येणारा दूधवाला, शिकवणीला जाणारी पोरं कुणाला आठवलीच नाहीत. मान्यता द्यायचीच तर प्रश्नावली त्यांच्या हातात द्या. जाम दरवाजाशी फोटो काढणाऱ्यांचं मत आपल्याला ठाऊकच आहे.

दिवाळीत येतेय. दादाची सायकल घेऊन रामबाग ते राजवाडा जाऊन बघणार, असं कळवलंय. तो म्हणाला, सकाळी सहाला निघू, रस्ता मोकळा असतो.

मी म्हटलं, संध्याकाळी सहाला.