मॅथ्स घेतलं की वेड लागतं म्हणे!

गेले चार दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, ‘बारावीनंतर बीएस्सी मॅथ्स? थांबा, आधी हे वाचा’. आमच्याकडे तो एका काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली ‘जनहितार्थ’, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ताईचा फोन, की अगं पोरीचं अ‍ॅडमिशन रद्द करू का? भाची नववीपासून सांगतेय मॅथ्सच करायचंय आणि हिला आता रात्रभर झोप नाही. मी स्वतः एमएस्सी मॅथ्स केलेली, त्यामुळे गप्प बसणं शक्यच नव्हतं.

आधी तो मुद्दा ज्याने ताई घाबरली. ‘अति गणिताने मेंदूवर परिणाम होतो, मोठमोठे गणिती वेडे झाले, जॉन नॅश बघा, वसिष्ठ नारायण सिंह बघा.’ बघते ना. दोघांना स्किझोफ्रेनिया होता, खरंय. पण तो गणिताने झाला हे कोणी सांगितलं? जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला हा आजार आहे, म्हणजे एखाद्या मोठ्या सोसायटीत एक जण असू शकतो आणि त्याने इंटिग्रेशन केलेलं असायची काही गरज नाही. सुरू होतो तोही बहुतेकदा ऐन तारुण्यात, विशीच्या आगेमागे, नेमकं कॉलेजचं वय, मग पोरगं तेव्हा जे शिकत असेल त्याच्यावर खापर! नॅश पुढे सावरले, १९९४ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, २०१५ ला गणितातलं मोठं आबेल पारितोषिक, हे फॉरवर्डवाल्याने सोयीस्कर गाळलंय. वसिष्ठबाबूंनी १९६९ ला अमेरिकेतल्या बर्कलीतून पीएचडी केली, विषय ऑपरेटर थिअरी, ही गणिताचीच एक शाखा; त्यांनी ‘आइनस्टाइनला चॅलेंज’ केलं असं जे चिकटवतात ते कुठल्या शोधनिबंधात आहे ते मला कोणी आजवर दाखवलेलं नाही. आजारपणात हा माणूस काही वर्षं चक्क बेपत्ता होता हो, आणि आपण त्याचं नाव वापरतो कशाला, तर पोरींना भीती घालायला. ‘अभ्यासाने डोकं फिरलं’ म्हणत घरचे पुस्तकं माळ्यावर टाकतात, देवऋषी करतात, डॉक्टर सगळ्यात शेवटी. असले मेसेज त्यालाच खतपाणी घालतात.

मग ‘मॅथ्स म्हणजे मास्तरकी, दुसरं काही नाही’. यात अर्धं खरं आहे, मान्य करायला जिवावर येतंय पण आहे. प्राध्यापक व्हायचं तर नेट-सेट काढूनही लोक वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या पैशात शिकवतात, माझ्या बॅचमधले दोघं अजून तेच करतायत. आणि गाइडातले थिअरम पाठ करून काढलेल्या नुसत्या बीएस्सीवर कोणी बोलावून नोकरी देत नाही. पण ‘दुसरं काही नाही’? अहो मी विमा कंपनीत अ‍ॅक्च्युरियल टीममध्ये बसते, कुठल्या वयाच्या माणसाकडून किती प्रीमियम घ्यायचा, पुढची तीस वर्षं किती क्लेम येतील, त्यासाठी आज किती पैसे बाजूला ठेवायचे, हेच दिवसभर चालतं. विमा कंपनीला हा हिशोब बघणारा अपॉइंटेड अ‍ॅक्च्युअरी ठेवावाच लागतो, नियमच आहे. या पेशासाठी २००६ चा वेगळा कायदा आहे, परीक्षा घेणारी इन्स्टिट्यूट इथेच नवी मुंबईत, आणि तिची प्रवेश परीक्षा बारावी झाल्यावर देता येते. पुढचे पेपर मात्र जीव काढतात, माझे अजून चार राहिलेत, तेव्हा झटपट पैसा असं काही मी ताईला सांगितलेलं नाही.

बाकी वाटा एका दमात: जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, १०० मार्कांचा तीन तासांचा एक पेपर, त्यात गाइड कामाला येत नाही. कॉम्प्युटरच्या एमसीएची वाट बारावीला किंवा बीएस्सीला मॅथ्स असेल तर उघडी. आणि संशोधनाची खरीच ओढ असेल तर १९९३ पासून एमटीटीएस नावाचे गणिताचे उन्हाळी कॅम्प चालतात, मी गेले होते, चार आठवडे नुसतं ‘का?’ विचारून विचारून घाम काढतात.

‘एआय सगळं सोडवतं’. हो, २०२५ मध्ये शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडचे सहापैकी पाच प्रश्न सोडवले, गोल्डच्या तोडीचे मार्क. पण ते एआय बनतं कशाचं? २०२४ पासून गेट या इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणाच्या परीक्षेला डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आहे, सिलॅबस उघडा, प्रोबॅबिलिटी, लिनियर अल्जेब्रा, कॅल्क्युलस. म्हणजे मॅथ्सवाल्या पोरीने ओळखीचेच चेहरे बघायचे.

‘मुलींना झेपत नाही, लग्नानंतर उपयोग नाही’ याला एकच नाव पुरे. मंगला नारळीकरांनी लग्न झाल्यावर, तीन मुली वाढवता वाढवता, १९८१ मध्ये गणितात पीएचडी केली. आणि लग्नानंतर डोकं फिरायला गणितच लागतं असं थोडीच आहे.

ताईने अ‍ॅडमिशन रद्द केलेलं नाही. फी भरायची शेवटची तारीख शुक्रवार आहे, तर काका, तोपर्यंत तेवढं गुड मॉर्निंगवर भागवा.