आयर्लंडचं नाव आयर्लंडच आहे

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांच्या ग्रुपांवर आयर्लंडबद्दलचा एक मजकूर वरचेवर फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात: ‘आयर्लंड हे फक्त बेटाचं नाव. देशाचं अधिकृत नाव रिपब्लिक ऑफ आयर्लंड. १९४९ पूर्वी त्याला एअरा म्हणत, ते नाव आता रद्द झालं आहे. बेटावर उत्तर आयर्लंड आणि दक्षिण आयर्लंड असे दोन देश आहेत. नुसतं आयर्लंड म्हणणं म्हणजे उत्तरेवर हक्क सांगणं, म्हणून जगात कुणी तसं म्हणत नाही. तिथले लोक मात्र अजून शब्दावरून भांडत बसलेत.’

मजकूर ठामपणे लिहिलेला आहे आणि पाठ करायला सोपा आहे. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चूक किंवा अर्धवट आहे. ज्या नावासाठी एका समाजाच्या तीन-चार पिढ्या झगडल्या, त्याबद्दल आपल्याकडे इतकं सैल लिहिलं जावं याचं मला वाईट वाटतं. म्हणून एकेक वाक्य तपासू.

‘देशाचं अधिकृत नाव रिपब्लिक ऑफ आयर्लंड.’ नाही. १ जुलै १९३७ रोजी तिथल्या जनतेने मतदान करून राज्यघटना मंजूर केली आणि ती त्याच वर्षी २९ डिसेंबरला अमलात आली. तिचं चौथं कलम एका वाक्याचं आहे: राज्याचं नाव ‘एअरा’, किंवा इंग्रजी भाषेत ‘आयर्लंड’. ते कलम आजही तसंच आहे.

मग रिपब्लिक ऑफ आयर्लंड आलं कुठून? १९३६ च्या एका कायद्यामुळे परदेशांशी होणाऱ्या औपचारिक व्यवहारात ब्रिटनच्या राजाचं नाव शिल्लक राहिलं होतं. त्यामुळे हे राज्य प्रजासत्ताक आहे की नाही, हा प्रश्न तिथल्या संसदेतही विचारला जाई. १९४५ साली तो पंतप्रधान डी व्हॅलेरांना विचारला गेला, तेव्हा त्यांनी सभागृहात चक्क शब्दकोशांतल्या व्याख्या वाचून दाखवल्या. पुढे जॉन कॉस्टेलो यांच्या सरकारने १९४८ साली पाच कलमांचा एक छोटा कायदा करून राजाची ती शेवटची भूमिका संपवली. त्यातलं दुसरं कलम म्हणतं की राज्याचं ‘वर्णन’ रिपब्लिक ऑफ आयर्लंड असं राहील. हा शब्द निसटता आलेला नाही. सेनेटमधल्या चर्चेत कॉस्टेलो यांनी स्वतः सांगितलं की राज्याचं नाव वेगळं आणि राज्याचं वर्णन वेगळं. नाव आयर्लंड, वर्णन रिपब्लिक ऑफ आयर्लंड. साध्या कायद्याने घटनेतलं नाव बदलता येत नाही, त्याला जनमत लागतं. त्या कलमासाठी तसं जनमत कधी घेतलंच गेलं नाही. १८ एप्रिल १९४९ रोजी हा कायदा अमलात आला. मजकुरातलं १९४९ हे साल तिथून उचललेलं आहे, अर्थ मात्र तिथेच राहून गेला.

हा केवळ कागदी भेद आहे असं कुणाला वाटत असेल, तर १९८९ सालचा तिथल्या सर्वोच्च न्यायालयातला एक खटला पाहावा. ब्रिटनने एका आरोपीच्या हस्तांतरणासाठी पाठवलेल्या कागदपत्रांत देशाचं नाव नीट लिहिलेलं नव्हतं. न्यायमूर्ती वॉल्श यांनी बजावलं की आमच्या न्यायालयांची मदत हवी असेल आणि तरी घटनेतलं योग्य नाव द्यायची तयारी नसेल, तर वॉरंट दुरुस्तीसाठी परत पाठवावं.

‘एअरा हे नाव रद्द झालं.’ ते रद्द झालेलं नाही. वर सांगितलेल्या कलमात ते पहिलं आहे. आयर्लंडच्या युरो नाण्यांवर तेच एक नाव कोरलेलं असतं, टपाल तिकिटांवर तेच, आणि पासपोर्टवर दोन्ही नावं शेजारी शेजारी. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी ज्यांचं मूळ जोडलेलं आहे ते लिओ वराडकर २०१७ साली पंतप्रधान झाले, ते याच राज्याचे. युरोपीय संघाच्या बैठकांत या देशाच्या जागेपुढे ‘एअरा, आयर्लंड’ अशीच पाटी असते.

गोंधळ वेगळ्या कारणाने होतो. इंग्रजीत बोलताना कुणी परक्याने त्यांच्या देशाला एअरा म्हटलं तर बरेच आयरिश लोक दुखावतात, आणि त्याला इतिहास आहे. नवी घटना आल्यावर ब्रिटनने १९३८ च्या कायद्यापासून इंग्रजी कागदपत्रांतही मुद्दाम एअरा लिहायला सुरुवात केली, कारण ‘आयर्लंड’ लिहिलं तर अख्खं बेट त्या राज्याचं असं मान्य केल्यासारखं झालं असतं. म्हणजे त्यांच्याच भाषेतला शब्द त्यांच्याच इंग्रजी नावाला बाजूला सारण्यासाठी वापरला गेला. शिवाय ब्रिटिश कागदांत पहिल्या अक्षरावरची दीर्घत्वाची रेघ गळालेली असे, आणि त्या रेघेविना आयरिशमध्ये त्या शब्दाचा अर्थ होतो ओझं. आयरिश भाषेत बोलताना एअरा, इंग्रजीत बोलताना आयर्लंड, इतकी साधी अपेक्षा आहे.

‘उत्तर आयर्लंड आणि दक्षिण आयर्लंड असे दोन देश.’ दक्षिण आयर्लंड नावाचा देश नाही. त्या नावाची एक व्यवस्था ब्रिटिश संसदेने बेटाची फाळणी करणाऱ्या १९२० च्या कायद्याने कागदावर उभी केली होती. तिच्या कनिष्ठ सभागृहाच्या १२८ पैकी १२४ जागा शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाने जिंकल्या, आणि त्या सदस्यांनी तिथे पाऊलही ठेवलं नाही. जून १९२१ मध्ये सभागृह भरलं तेव्हा हजर होते चार सदस्य. ६ डिसेंबर १९२२ रोजी, ब्रिटनशी झालेल्या तहानुसार, आयरिश फ्री स्टेट हे सव्वीस परगण्यांचं राज्य अस्तित्वात आलं आणि ते नाव कायद्यातूनही गेलं. भूगोलही त्या नावाच्या बाजूचा नाही. बेटाचं उत्तर टोक मॅलिन हेड हे डॉनिगॉल परगण्यात आहे, आणि डॉनिगॉल उत्तर आयर्लंडमध्ये नाही. उत्तर आयर्लंडच्या राजधानीतली, बेलफास्टची माणसं बोलण्याच्या ओघात पलीकडच्या भागाला ‘साउथ’ म्हणतात हे खरं. पण ते बोलणं झालं, नकाशावर छापायचं नाव नव्हे. उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंगडमचा भाग आहे; त्याला देश म्हणायचं, प्रांत म्हणायचं की प्रदेश, यावरही तिथे एकमत नाही. त्याला ‘अल्स्टर’ म्हणणारे युनियनवादी, म्हणजे ब्रिटनसोबतच राहू इच्छिणारे लोक, पुष्कळ आहेत, पण जुन्या अल्स्टर प्रांतात नऊ परगणे येतात आणि त्यातले डॉनिगॉल, कॅव्हन आणि मॉनहन हे तीन सीमेच्या दुसऱ्या बाजूला आहेत.

आता त्या मजकुरातलं सर्वात वजनदार वाक्य: ‘नुसतं आयर्लंड म्हणणं म्हणजे उत्तरेवर हक्क सांगणं.’ हे वाक्य झटकून टाकण्यासारखं नाही. १९३७ च्या घटनेची दुसरी आणि तिसरी कलमं संपूर्ण बेट हा राष्ट्राचा प्रदेश आहे असं म्हणत होती, त्यामुळे उत्तरेतल्या युनियनवाद्यांना ‘आयर्लंड’ या नावात आपल्या घरावरचा दावा ऐकू येत असे. त्यांची भीती बनावट नव्हती. ब्रिटनने १९४९ च्या आपल्या कायद्यात रिपब्लिक ऑफ आयर्लंड हेच नाव ठरवून टाकलं, त्यामागे हे कारण होतं. दोन्ही सरकारांचा हट्ट इतका, की १९८५ च्या कराराच्या दोन प्रती दोन शीर्षकांनी निघाल्या: आयरिश प्रतीवर ‘आयर्लंडचं सरकार’, ब्रिटिश प्रतीवर ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंडचं सरकार’.

पण मजकूर लिहिणारा तिथेच थांबला, आणि इतिहास पुढे गेला. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर, म्हणजे उत्तरेतल्या संघर्षावरच्या शांतता करारानंतर, २२ मे रोजी जनमत घेतलं गेलं, जवळपास ९४ टक्के मतं बदलाच्या बाजूने पडली, आणि डिसेंबर १९९९ मध्ये ती कलमं बदलली. प्रदेशावरचा दावा गेला. त्याजागी बेटावर जन्मलेल्या प्रत्येकाला आयरिश राष्ट्राचा भाग होण्याचा हक्क आला, आणि बेटाचं एकीकरण दोन्हीकडच्या बहुमताच्या संमतीनेच होईल हे घटनेत लिहिलं गेलं. त्या वेळी दोन्ही सरकारांनी केलेल्या करारावर ब्रिटननेही ‘आयर्लंडचं सरकार’ असंच लिहिलं. ज्या आक्षेपावर हे वाक्य उभं आहे, तो मिटवायला त्या लोकांना साठ वर्षं आणि हजारो माणसांचे जीव लागले. आपण तो जणू आजही चालू आहे असं लिहितो, तेव्हा त्या तडजोडीची किंमतच पुसून टाकतो.

खरा मतभेद आज आयरिश लोकांमध्येच आहे आणि तो मजकुरात कुठेच नाही. डब्लिनचा माणूस ‘आयर्लंडमध्ये असं असतं’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा सव्वीस परगणे असतात. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातला राष्ट्रवादी, म्हणजे बेट एक व्हावं असं वाटणारा, माणूस ते ऐकतो आणि त्याला लागतं, कारण तोही स्वतःला आयर्लंडमध्येच राहणारा मानतो. त्याच्यासाठी ते राज्य म्हणजे ‘द साउथ’ किंवा ‘ट्वेंटी-सिक्स काउंटीज’. फारच राग असेल तर ‘फ्री स्टेट’, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या तहाची आठवण करून देणारी शिवीच. उत्तर आयर्लंड हे नावही तो टाळतो, ‘द नॉर्थ’ किंवा ‘सिक्स काउंटीज’ म्हणतो. कट्टर रिपब्लिकनांना तर ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ हेच नाव पटत नाही. १९१६ साली ब्रिटिशांविरुद्धच्या उठावात जे प्रजासत्ताक जाहीर झालं ते अख्ख्या बेटाचं होतं, ते नाव सव्वीस परगण्यांना देणं म्हणजे उरलेले सहा सोडून देणं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आपला मजकूर ज्या नावाला तटस्थ आणि अधिकृत समजतो, ते नाव बेटावरच्या एका गटाला अतिशय खुपतं.

मला या सगळ्यात डेरीच्या माणसाचं दुखणं सर्वात खरं वाटतं. राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांचा जन्म बेलफास्टचा. १९९७ ते २०११ अशी चौदा वर्षं त्या ‘आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष’ होत्या. पण त्यांच्या जन्मगावी राहणारा आयरिश नागरिक राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान करू शकत नाही. नाव त्याला आत घेतं, मतपेटी बाहेर ठेवते. हा प्रश्न ‘रिपब्लिक’ शब्द जोडल्याने सुटत नाही, उलट त्याला आणखी बाहेर लोटतो.

युनियनवाद्यांचंही आयर्लंड या शब्दाशी नातं आहे, हे आपल्याकडे अजिबात माहीत नसतं. प्रोटेस्टंट असलेलं ‘चर्च ऑफ आयर्लंड’ पूर्ण बेटाचं आहे. फुटबॉलमध्ये तर १९५० च्या विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांपर्यंत बेलफास्ट आणि डब्लिन या दोन्ही संघटना आपापल्या संघाला आयर्लंडच म्हणत, आणि त्या फेरीत चार खेळाडू दोन्ही संघांकडून खेळले. मग फिफाने विश्वचषकासाठी दोघांनाही नुसतं आयर्लंड नाव वापरायला मनाई केली, तेव्हा ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ आणि ‘नॉर्दर्न आयर्लंड’ अशी नावं आली. तरी ब्रिटनमधल्या आपसातल्या स्पर्धेत बेलफास्टच्या संघटनेने १९७० च्या दशकापर्यंत आयर्लंड हे नाव सोडलं नाही.

‘जगात कुणी तसं म्हणत नाही’ या वाक्याचं मूळ मला वाटतं या फुटबॉलमध्येच आहे. टीव्हीवर दिसणाऱ्या गुणफलकावरचं नाव लोकांनी देशाचं नाव धरलं. संयुक्त राष्ट्रांत हा देश १४ डिसेंबर १९५५ रोजी दाखल झाला तो आयर्लंड म्हणून. १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय समुदायात आला तोही आयर्लंड म्हणूनच. क्रिकेटमध्ये आणि रग्बीत आयर्लंड म्हणजे संपूर्ण बेटाचा एकच संघ. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बुमरा कर्णधार आणि ऋतुराज गायकवाड उपकर्णधार असलेला आपला संघ डब्लिनजवळच्या मालाहाइडला ज्यांच्याशी खेळला, तो संघ बेलफास्टचाही होता.

राहिलं शेवटचं वाक्य, ‘शब्दावरून भांडत बसलेत.’ हे भारतीयाने म्हणावं याचं नवल वाटतं. १८ सप्टेंबर १९४९ रोजी आपल्या संविधान सभेत पहिल्या कलमावर चर्चा चालू होती. देशाचं नाव ‘भारत, किंवा इंग्रजी भाषेत इंडिया’ असं लिहावं, अशी दुरुस्ती हरि विष्णू कामत यांनी मांडली आणि आधारासाठी आयर्लंडच्या घटनेचं ते चौथं कलमच सभेपुढे वाचलं. दुरुस्ती मतास टाकली गेली आणि फेटाळली गेली, म्हणून आपल्या संविधानात आज ‘इंडिया, अर्थात भारत’ असा क्रम आहे. त्या क्रमावरून अजूनही आपल्याकडे याचिका होतात, चर्चा पेटतात आणि निमंत्रणपत्रिकांच्या बातम्या होतात.