‘बायकापोरांना पाव खाऊ घातला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

‘वयाने मोठा आहे म्हणून सांगतो’ असं आपणच लिहिलंत, म्हणून काका म्हणतो. स्वित्झर्लंडच्या सहलीत हॉटेलांऐवजी सुपरमार्केटातून खाणं घेऊन पैसे कसे वाचवले, यावर मी लेख लिहिला होता. त्यावर आपली प्रतिक्रिया अशी : ‘लाखो रुपये घालून स्वित्झर्लंडला जायचं आणि बायकापोरांना सुपरमार्केटातला पाव खाऊ घालायचा, याला काटकसर नाही, चिकटपणा म्हणतात. आम्ही ग्रुप टूरने गेलो, रोज व्यवस्थित जेवलो. तुम्ही तिथलं खाणं चाखलंच नाही. शिवाय ही दुकानं रविवारी बंद असतात, ते लिहिलेलं नाही.’

रविवारचं बरोबर आहे. मोठ्या स्टेशनांतली दुकानं सोडली तर रविवारी बहुतेक बंदच असतं, शनिवारीच सामान भरून ठेवावं लागतं. लेखात तशी ओळ घातली आहे.

पण ‘चिकटपणा’? काका, जरा सांभाळून.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. नारायण पेठेत दोन खोल्या, माणसं पाच. आई मुद्दाम रात्री आठनंतर मंडईत जायची, कारण गाळा आवरायच्या वेळी भाजी निम्म्या भावात मिळायची. मान टाकलेली मेथीची जुडी ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पानं उभी राहायची. त्या भाजीवर आम्ही तीन भावंडं शिकलो. तिला कुणी चिकट म्हटलं नाही.

स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेन गावी, ओस्ट स्टेशनासमोरच्या ‘कूप’ या सुपरमार्केटात संध्याकाळी 50 टक्के सवलतीचं स्टिकर लागलेला पाव उचलला, तेव्हा मला आईच आठवली. माझ्या मुलीने केळी स्वतः तोलली, नंबर दाबला, लेबल चिकटवलं. त्या पोरीच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिलाय. आपण नाही पाहिला, आणि तरी ‘बायकापोरांना’ म्हणून मोकळे झालात.

साध्या हॉटेलातही माणशी 25 फ्रँक सहज जातात. आम्ही गेलो तेव्हा फ्रँक शंभर रुपयांच्या आसपास होता. चौघांचे एका वेळचे दहा हजार! हे पैसे वाचले म्हणून आम्ही चौघं युंगफ्राऊयोखला, आल्प्सच्या बर्फात 3454 मीटरवर जाऊ शकलो. नाहीतर खालूनच बघून परत आलो असतो.

तिथल्या खाण्याचं म्हणाल, तर मिग्रोस ही तिथली दुसरी सुपरमार्केट साखळी 1925 साली पाच ट्रकांवरून साखर, तांदूळ, कॉफी स्वस्तात विकत सुरू झालं. आजही तिथली साधी माणसं तिथूनच घर चालवतात. ग्रुयेर चीज आणि बिर्शर म्युसली (ओट्स आणि फळांची न्याहारी) हे तिथलं खाणं नाही, तर कुठलं? आपल्या ग्रुप टूरमध्ये महाराज सोबत असतो, रोज वरणभात असतो. त्यात वाईट काही नाही, पण मग स्थानिक चवीवर मला शिकवू नका.

बाकीच्या मुद्द्यांत पडत नाही. पटलं नाही तर जरूर लिहा, माझ्या हिशोबावर लिहा. घरच्यांना त्यात आणू नका.