आवाज गेला म्हणजे साउंड कार्ड जळालं?

"कॉम्प्युटरचा आवाज गेला किंवा बिघडला, तर साउंड कार्ड जळालं समजा. ड्रायव्हर अपडेट करणारं फुकट सॉफ्टवेअर टाका. नाही जमलं तर फॉरमॅट मारा." हा सल्ला सगळीकडे फिरतोय. तो ऐकून, बॅकअप न घेता फॉरमॅट केलं तर घरातले वर्षानुवर्षांचे फोटो जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कार्ड जळालं? घरच्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये वेगळं कार्डच नसतं, ऑडिओची चिप मदरबोर्डवर असते. ती बिघडू शकते, पण आधी आवाज जातोय कुठे ते बघा. एचडीएमआय केबलनं मॉनिटर जोडला की विंडोज बरेचदा आवाज त्याच्याकडेच पाठवतं. मॉनिटरला स्पीकर नसले की संपलं! गाणं चालू ठेवा, साउंड सेटिंग्जमधून 'मोअर साउंड सेटिंग्ज' उघडा आणि प्लेबॅक टॅबमध्ये प्रत्येक डिव्हाइससमोरच्या पट्ट्या बघा. ज्याच्यासमोर हिरव्या रेघा वरखाली नाचतायत, तिथे आवाज पोचतोय. मॉनिटरसमोर नाचत असतील तर स्पीकर निवडून 'सेट डिफॉल्ट' करा. स्पीकरसमोरच नाचत असतील तर वायर, पिन आणि स्पीकरचं स्वतःचं बटण तपासा. डेस्कटॉपच्या मागे पिन सहसा हिरव्या सॉकेटात लागते, गुलाबी माइकचं असतं.

ब्लूटूथ हेडफोनचा आवाज कॉल सुरू होताच फोनसारखा बसका होतो, तोही बिघाड नव्हे. हेडफोनचा माइक चालू झाला की साध्या ब्लूटूथवर चांगल्या प्रतीचा स्टिरिओ बंद पडतो. माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा, आवाज पुन्हा भरदार येतो.

ड्रायव्हरचं (विंडोजला ऑडिओची चिप चालवायला लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं) फुकट सॉफ्टवेअर? अजिबात नको. असली सॉफ्टवेअर चुकीचा ड्रायव्हर टाकू शकतात आणि सोबत नको त्या गोष्टीही आणतात. अपडेटनंतर आवाज गेला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' करून बघा. नवा ड्रायव्हर हवाच असेल तर लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या.

आणि फॉरमॅट? त्याआधी विंडोजच्या 'सर्व्हिसेस' यादीत जाऊन 'विंडोज ऑडिओ' रीस्टार्ट करा. तरी शांतता असेल तर उबुंटूचा (विंडोजसारखीच, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) पेनड्राइव्ह बनवा आणि इन्स्टॉल न करता त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा. तिथे गाणं वाजलं तर हार्डवेअर ठणठणीत आहे, दोष विंडोजमध्ये शोधा. दुसरा हेडफोन लावूनही तिथे काहीच वाजलं नाही, तर मात्र चिपवर किंवा सॉकेटवर संशय घ्या. अशा वेळी फॉरमॅट करून काहीच हाती लागणार नाही. यूएसबीला लागणारं छोटं साउंड अ‍ॅडॅप्टर बसवलं तरी काम भागतं.