माशांचं काय?

वादळात प्राणिसंग्रहालयातले प्राणी कसे वाचवतात, यावरच्या तुमच्या लेखात अमेरिकेतल्या मायामीच्या प्राणिसंग्रहालयाने फ्लेमिंगो वादळात सार्वजनिक स्वच्छतागृहात कोंडल्याचं वाचून आधी हसू आलं. पण बरोबरच आहे की! पक्क्या भिंती, खाली गवत पसरलं की झालं. माशांना मात्र असं हाकलून आत नेता येत नाही, हे लेखात राहून गेलं. २००५ च्या कतरिना चक्रीवादळात अमेरिकेतल्याच न्यू ऑर्लिन्सच्या मत्स्यालयाची इमारत टिकली, पण वीज गेली, मग जनरेटरही बंद पडला, पाण्यात हवा सोडणारे पंप थांबले आणि हजारो मासे मेले. पेंग्विन आणि समुद्री ऊदमांजरं तगली, त्यांना कॅलिफोर्नियात माँटेरे बे मत्स्यालयात हलवलं. आमच्याकडे रात्री लाइट गेली की सकाळी टाकीतले मासे वर येऊन आ वासत असतात. मग पाण्यात हवा मिसळावी म्हणून मी तांब्याने पाणी उंचावरून ओतत बसतो.